पडके घर, रिकामे हात आणि तारखेची पोच

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)





आपल्या मेळाव्यांतून धम्म, चळवळ, आरक्षण, साहित्य अशा मोठ्या विषयांवर भाषणे होतात आणि ती व्हायलाच हवीत. आज मात्र मी चुलीजवळचा एक साधा विषय घेतला आहे. ज्याचे स्वतःचे घर राहण्याजोगे उरलेले नाही आणि ज्याच्या हाताला काम नाही, अशा माणसाने शासनाकडे घरकुल कसे मागावे, काम कसे मागावे आणि काम न मिळाल्यास बेकारी भत्ता कसा मागावा, हा तो विषय आहे. मुळात मागावे की नाही, याचीच पुष्कळांना लाज वाटते. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आपल्या कोणत्याही गावच्या वस्तीत जा. एखादे घर असे दिसतेच, की ज्याची मागची भिंत ओल धरून फुगलेली आहे, आढ्याला बांबूचा टेकू दिला आहे, पत्र्यांवर दगड ठेवले आहेत आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की घरातली भांडी गळतीखाली मांडावी लागतात. घरातले कर्ते माणूस सुगीचे चार महिने कामाला जाते आणि उरलेले आठ महिने नाक्यावर उभे राहते. पोरे शाळेत जातात, पण दप्तर कोरडे कुठे ठेवावे हा त्यांना रोजचा प्रश्न असतो. या कुटुंबाला कायद्याने दोन गोष्टी मागता येतात, एक घर आणि दुसरे काम. तरीही वर्षानुवर्षे ते काही मागत नाही. आणि मागितलेच तर तोंडी मागते. तोंडी मागणीला सरकारदरबारी किंमत शून्य असते, ही गोष्ट आज मला आपल्या मनावर ठसवायची आहे.

आता लाजेचा प्रश्न. हे मागणे म्हणजे भीक आहे काय? भारतीय संविधानाचे ४१ वे कलम पाहा. आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राज्याने कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळवून देण्यासाठी परिणामकारक तरतूद करावी, असा त्या कलमाचा आशय आहे. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे. न्यायालयात थेट त्याच्या आधारे दाद मागता येत नाही, हे ३७ वे कलम सांगते. पण कायदे करताना ही तत्त्वे लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हेही तेच कलम सांगते.

महाराष्ट्राने हे कर्तव्य देशात सर्वांत आधी ओळखले. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिच्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना होती. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देता आले नाही तर बेकारी भत्ता देण्याची तरतूद त्या कायद्यात होती, जरी तो भत्ता दिवसाला किमान एक रुपया एवढाच होता. या योजनेच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला. म्हणजे शहराने गावच्या मजुराच्या रोजगाराचा भार उचलायचा, असा तो सामाजिक करार होता. यात भीक कुठे आली? साबणाची वडी घेताना आणि काडेपेटी घेताना आपला मजूर बांधवही कर भरतोच.

न्यायालयांनीही हा विचार पुढे नेला. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या ऑल्गा टेलिस खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. १९९६ च्या चमेली सिंग खटल्यात त्याच न्यायालयाने निवाऱ्याचा हक्कही त्यात धरला. निवारा म्हणजे डोक्यावरचे केवळ छप्पर नाही. त्यात सुरक्षित बांधकाम, उजेड, हवा, पाणी आणि स्वच्छ परिसर हे सारे येते, असे तिथे सांगितले गेले.

आपल्या परंपरेतही याचा आधार आहे. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात राजा महाविजिताची कथा आहे. त्याच्या राज्यात चोऱ्या आणि लुटालूट माजली होती. तेव्हा त्याच्या पुरोहिताने सल्ला दिला, की शिक्षेने हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला वेतन द्या. राजाने तसे केल्यावर लोक घराची दारे उघडी टाकून निर्धास्त राहू लागले, असे ती कथा सांगते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या राजाला जे कळले, ते मागायला आपण का लाजावे?

आता कामाच्या हक्काचे गणित समजून घेऊ. २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ पासून तो २०० जिल्ह्यांत आणि १ एप्रिल २००८ पासून देशभर लागू झाला. ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांचे काम, आणि मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता, अशी त्याची रचना होती. पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यापुढे किमान निम्मा, असा भत्त्याचा दर ठरला. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे सुरुवातीचा भत्ता दिवसाला किमान ७८ रुपये झाला असता. रक्कम लहान आहे, पण ती देण्याची पाळी येऊ नये म्हणून यंत्रणेने काम काढावे, हा त्यामागचा हेतू होता. उलट बाजूही लक्षात ठेवा. कामावर बोलावल्यावर जो १५ दिवसांत हजर झाला नाही, त्याचा भत्त्याचा हक्क तीन महिन्यांसाठी जात असे.

मग हा भत्ता फारसा कुणाला मिळालेला का दिसत नाही? याचे कारण कायद्याच्या रचनेतच होते. मजुरीचा पैसा केंद्र सरकार देत असे, पण बेकारी भत्त्याचा बोजा राज्य सरकारवर होता. काम दिले नाही हे कागदावर आले, की राज्याच्या तिजोरीतून पैसे जाणार आणि एखाद्या अधिकाऱ्याला जाब द्यावा लागणार. यावर सोपा उपाय कोणता? मागणीच नोंदवून घ्यायची नाही. “काम निघाले की कळवतो, जा आता,” हे वाक्य आपल्या मायबहिणींनी किती वेळा ऐकले असेल! त्या वाक्यापाशी हक्क संपतो, कारण १५ दिवस मोजायला सुरुवात होते ती अर्जाच्या तारखेपासून, आणि तारखेचा पुरावा म्हणजे पोच. तारीख, सही आणि शिक्का असलेली पोच हातात नसेल, तर तुम्ही काम मागितलेच नव्हते असे धरले जाते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस १२५ केले आहेत आणि १५ दिवसांत काम न मिळाल्यास भत्त्याची तरतूद ठेवली आहे. पेरणी आणि कापणीच्या काळात वर्षातून एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची मुभाही त्यात आहे. त्यामुळे अर्ज कोणत्या महिन्यात करायचा, हे आता अधिक विचाराने ठरवावे लागेल. कायद्याचे नाव बदलले, दिवस बदलले. पण मागणी लेखी हवी आणि तिची पोच हवी, ही गोष्ट बदललेली नाही.

आता घराकडे वळू. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. १ एप्रिल २०१६ पासून तिचे रूपांतर प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण, यात झाले. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये, असे तिचे साहाय्य ठरले आणि घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट ठेवले गेले. आपल्या राज्यात अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी २००८ पासून रमाई आवास योजना आहे. ज्या रमाईंनी परळच्या चाळीतल्या खोलीत हालअपेष्टा सोसून संसार केला, त्यांचे नाव या योजनेला आहे. त्या नावाच्या योजनेसाठी अर्ज करताना आपली मान ताठ असली पाहिजे.

परंतु या वाटेवर तीन खड्डे आहेत आणि ते आधी माहीत असलेले बरे.

पहिला खड्डा नोंदीचा. प्रधानमंत्री योजनेची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवरून केली गेली आणि पुढे पूरक सर्वेक्षणे झाली. ज्यांना पूर्वी घरकुल मिळाले त्यांची नावे यादीतून वगळली जातात. म्हणून तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या घरकुलात राहणाऱ्याची पंचाईत होते. स्लॅबची सळई उघडी पडली, भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली, तरी दप्तरात ते घर पक्केच असते. कागदावर पक्के आणि प्रत्यक्षात पडके! अशा कुटुंबाने ग्रामपंचायतीतला आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा काढून बांधकामाची नोंद काय आहे ते पाहावे आणि चुकीची असेल तर दुरुस्तीसाठी अर्ज द्यावा. अतिवृष्टीत भिंत पडली तर त्याच दिवशी फोटो काढून तलाठ्याकडे पंचनाम्याची लेखी मागणी करावी. आपत्ती निवारणाच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत, किमान १५ टक्के पडझड झालेल्या कच्च्या घराला ४,००० आणि पक्क्या घराला ६,५०० रुपये ठरवलेले होते. पैसे थोडे, पण घर धोकादायक झाल्याचा तो सरकारी पुरावा ठरतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला उपयोगी पडतो.

दुसरा खड्डा पैशाच्या वेळेचा. घरकुलाची रक्कम एकरकमी मिळत नाही. ती हप्त्यांनी मिळते, आणि बहुतेक हप्ते काम पुढे गेल्यावर, त्याचे फोटो वर चढल्यावर येतात. जोते झाले की एक हप्ता, भिंती चढल्या की पुढचा, असा तो क्रम असतो. सिमेंटचा दुकानदार आणि गवंडी मात्र आधी पैसे मागतात. ज्याच्या हाताला काम नाही, त्याने मधली रक्कम कुठून आणायची? तो सावकाराकडे जातो, आणि घर उभे राहण्याआधी व्याज उभे राहते. त्यातच जुने घर पाडून मोकळे झालेले असतात. मग बाळंतीण असो की म्हातारी आई असो, सारे कुटुंब ताडपत्रीखाली पावसाळा काढते.

यावर पूर्ण इलाज माझ्यापाशी नाही, पण काही सावधगिरी घेता येते. उन्हाळ्याच्या शेवटी जुने घर पाडू नका. बांधकाम दिवाळीनंतर सुरू करा, म्हणजे पुढे सहा-सात कोरडे महिने मिळतात. जागा असेल तर जुन्या घराची एखादी धडकी खोली उभी ठेवूनच नवे जोते घाला. वाळूचे पैसे देण्याआधी तहसील कार्यालयात चौकशी करा, कारण २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद आहे. ज्यांना घर बांधायला जागाच नाही त्यांच्यासाठी जागा खरेदीला साहाय्य देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची वेगळी योजना आहे. तिचीही चौकशी करा.

तिसरा खड्डा अज्ञानाचा, आणि इथे घर व काम हे दोन्ही हक्क एकत्र येतात. प्रधानमंत्री आवास योजनेत घर बांधणाऱ्या कुटुंबाला स्वतःच्याच घरावर केलेल्या अकुशल कामाची मजुरी रोजगार हमीतून देण्याची तरतूद ठेवली गेली. सपाट प्रदेशात ९० दिवस आणि डोंगरी भागात ९५ दिवस. ३१२ रुपये दराने ९० दिवसांचे २८,०८० रुपये होतात. पाया खणणारा बाप आणि पाणी मारणारी आई ही आपल्याच घराची मजूर आहेत, त्यांचे नाव हजेरीपटावर हवे. पुष्कळ ठिकाणी मस्टर निघत नाही, निघाले तर दुसऱ्याच नावाने निघते, आणि ज्याचे घर त्याला पत्ताच नसतो. घरकुल मंजूर झाल्याबरोबर विचारा, “आमचे मस्टर कधी निघणार?” आणि हा प्रश्नही लेखीच विचारा.

बंधू-भगिनींनो, हक्काची भाषा बोलताना शीलाचीही भाषा बोलली पाहिजे. आपण पंचशील ग्रहण करतो. दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे, चौथे खोटे न बोलण्याचे. शहरात पक्के घर असताना गावच्या पडक्या घराचा फोटो दाखवून घरकुल घेणारा माणूस सरकारला फसवतो असे समजू नका. तो शेजारच्या वस्तीतल्या विधवेचा नंबर खातो. यादी मर्यादित असते. एकाचे खोटे नाव म्हणजे दुसऱ्याचे एक वर्ष पावसात. त्याचप्रमाणे पहिला हप्ता घेऊन तो लग्नात खर्च करणारा पुढच्या सगळ्यांवर संशय ओढवून ठेवतो. आणि जो हप्ता सोडण्यासाठी “चहापाणी” मागतो, तोही त्याच दुसऱ्या शीलाचा भंग करतो, मग तो कोणत्याही समाजाचा असो. खरा अर्जदार निर्भयपणे बोलू शकतो. त्याच्या अर्जात खोट असली की त्याला दडपावे लागते आणि दलालाचे फावते.

आपल्यातल्या नोकरदार वर्गाशीही मला दोन शब्द बोलायचे आहेत. “आपल्या लोकांनी किती दिवस योजनांवर जगायचे?” असा प्रश्न आपल्या कॉलनीतून ऐकू येतो. प्रश्नामागची तळमळ मी समजू शकतो. पण शिष्यवृत्तीवर शिकून, आरक्षणातून नोकरी मिळवून, कर्मचाऱ्यांसाठीच्या गृहकर्जातून घर बांधलेल्या माणसाने हा प्रश्न विचारताना थोडे थांबावे. त्या शिष्यवृत्तीला आपण कधी भीक म्हटले नाही. मग गावच्या भावाच्या घरकुलाला वेगळे नाव का? कोरड्या घरात वाढलेले मूल दहावीला बसते. ओल्या घरातले मूल खोकत खोकत शाळा सोडते. पुढच्या पिढीने योजनांवर जगू नये असे वाटत असेल, तर या पिढीच्या डोक्यावर छप्पर आले पाहिजे.

शेवटी, आपल्या संस्थेने आणि विद्यार्थ्यांनी काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

एक, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी विहारात अर्जांचा दिवस ठेवावा. कॉलेजातल्या मुलामुलींनी अर्ज लिहून द्यावेत, प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर पोच घ्यावी. जातीचे प्रमाणपत्र, नमुना ८, बँकेचे पासबुक आणि आधार यांवरची नावे एकसारखी आहेत की नाहीत, हे तिथेच तपासावे. एका काना-मात्रेच्या फरकाने हप्ते अडकतात.

दोन, अर्ज एकट्याने न देता दहा-पंधरा जणांनी मिळून द्यावेत. एकटी बाई परत पाठवली जाते. पंधरा बाया एकत्र उभ्या राहिल्या की खुर्ची पुढे सरकते. पोच नाकारली तर तोच अर्ज टपालाने, पोचपावतीसह, गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवावा.

तीन, संस्थेत एक नोंदवही असावी. नाव, अर्जाची तारीख, पोच, १५ वा दिवस, मिळालेले काम, आलेला हप्ता, असे रकाने पाडावेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना ही वही घेऊन जावे आणि त्यातली थकलेली प्रकरणे मोठ्याने वाचावीत. उत्तर मिळाले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

चार, संस्थेच्या निधीतून एक छोटा फिरता निधी वेगळा काढावा. जोते घालण्यापुरती बिनव्याजी रक्कम द्यावी आणि हप्ता आला की परत घ्यावी. एका कुटुंबाला सावकाराच्या दारातून परत आणले, तर वर्षभराच्या कार्यक्रमांएवढे पुण्य त्यात आहे. आणि घर शक्यतो घरातल्या स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावे करावे, म्हणजे दारूच्या गुत्त्यावर ते गहाण पडणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. त्या शिक्षणाचा पहिला उपयोग आपल्या वस्तीतल्या एका अर्जावर व्हावा, असे मी सुचवतो. मोठ्या परीक्षांची तयारी करताना महिन्यातला एक रविवार त्यासाठी द्या. ज्या चुलतीला सही येत नाही, तिच्या अंगठ्याशेजारी तारीख घाला. ती तारीख आज क्षुल्लक वाटेल. पण उद्या तिच्या पंधराव्या दिवसाचा हिशेब त्याच तारखेवरून होणार आहे.



नमो बुद्धाय! जय भीम!